टोल चुकवणारी आडवाट

मुलगा बघायला श्रुती नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनहून तिथल्याच उइटहॉर्नला आली होती. फोनवर अंबरीश तिला आवडला होता. आता समोर पुण्याहून आलेल्या त्याच्या आईही बसल्या होत्या. “अमेरिकेतल्या टोलरस्त्याच्या इतिहासावर पीएचडी, मग ती इथे कशाला?” आईंनी पुन्हा विचारलं. “त्या रस्त्यात डच सावकारांनी पैसे घातले होते, काकू. कागदपत्रं इथेच आहेत,” श्रुतीनं पुन्हा सांगितलं. टोल चुकवायला गावकऱ्यांनी शेतांतून आडवाट काढली, कंपनीनं तिच्यात चर खणले, लोकांनी ते बुजवले, हे ती रंगून सांगू लागली, तेवढ्यात अंबरीशचं बोलणं पुण्याकडच्या एक्स्प्रेसवेच्या टोलवर घसरलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. “लग्नानंतर एखादा उपयोगाचा विषय घेता येईल ना?” आईंनी लाडानं विचारलं. अंबरीशनं मान डोलावली. श्रुतीनं कॉफीचा कप ठेवला आणि कोट चढवला. “विषय तोच राहू दे, काकू. मी स्थळच बदलते.”