बेचाळिसावी फाइल

"परवानगी दिली कोणी?" मास्तरने दारातूनच विचारलं. खांद्यावरची बॅगही त्याने उतरवली नव्हती.

भाऊजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. रविवारची दुपार होती. त्यांनी चष्मा वर सरकवला. "आधी बस तरी."

"बसायला नाही आलो. सकाळी कुठल्याशा शाळेतल्या एका बाईंचा मेल आला. त्यांची मुलं सुट्टीत आपला सर्व्हर लावून खेळतात. नवी आवृत्ती उतरवायला गेल्या, तर पानावर कुठल्याशा कंपनीचं नाव आणि खाली कुलूप. त्या विचारतात, तुम्हीच म्हणाला होतात ना, हे कायम सगळ्यांसाठी खुलं राहील?"

सहा वर्षं खपून दोघांनी तो सर्व्हर लिहिला होता. शंभर जण शंभर घरांतून एकच खेळ खेळत असले तरी कुणी अडखळू नये, अशी ती करामत. कोणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. रस्ट ही त्यांची संगणकभाषा मोठी खाष्ट. जराशी चूक दिसली की प्रोग्राम बनूच देत नाही. मास्तर तिच्याही वरताण. एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासून हिरवी खूण दिल्याशिवाय आत जायचा नाही, हा दोघांचा नियम, आणि भाऊजींची एकेक ओळ तो डोळ्यांत तेल घालून वाचायचा. नाव पटलं नाही तरी परत पाठवायचा. मास्तर हे टोपणनाव भाऊजींनीच ठेवलेलं.

भाऊजींनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हा बघ मागच्या महिन्यातला बदल. बेचाळीस फाइली."

त्याने बघितलं. एकेचाळीस फाइलींवर त्याच्याच शंकांचा पाऊस होता. 'हे दोनदा कशाला मोजताय?' 'दोन खेळाडू एकदम आत आले तर?' बेचाळिसावी फाइल परवान्याची, म्हणजे सर्व्हर कोणाचा आणि तो कोणी कसा वापरायचा याची. साधा मजकूर, त्यात कोड नव्हताच. जुन्या-नव्या सगळ्या कोडचे हक्क दोघेही लेखक कंपनीला देत आहेत, असं तिथे लिहिलं होतं. त्यावर एकही शंका नव्हती. खाली हिरवी खूण, आणि खुणेशेजारी त्याचं स्वतःचं नाव.

मास्तरच्या पायाखालची जमीन सरकली. ती फाइल त्याने उघडलीच नव्हती. परवान्यात काय वाचायचं? तो तर पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून ठरवला होता, आणि एकदा ठरलेलं पुन्हा उघडून बघायची सवय त्याला लहानपणापासून नव्हती.

"मला सांगायचं तरी होतंत."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाला असतास?" भाऊजी नजर चुकवत म्हणाले. "कंपनीने मला मोठी जागा देऊ केली. येताना सर्व्हर घेऊन या, म्हणाले. आणि मी लपवलं कुठे? तुझ्यासमोरच तर ठेवलं होतं."

"केसाने गळा कापलात, भाऊजी." या माणसाच्या कोडवर तो सहा वर्षांत एकदाही विसंबला नव्हता. माणसावर विसंबला होता, आणि त्याचंच त्याला रडू येत होतं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ओले हात ती पदराला पुसत होती. कोरडे झाले तरी पुसतच होती. तो तिच्याकडे वळला. या घरात त्याच्या बाजूचं असं तेवढंच माणूस होतं.

"बघितलंस ना ताई, ह्यांनी काय केलं? एवढ्या ढिगात मी नेमकी तीच फाइल वाचणार नाही, हे ह्यांना कळलं तरी कसं?"

ताईचे हात थांबले.

"मी सांगितलं," ती म्हणाली.