पंचवीस तास

शरदचंद्रांनी आपल्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल जेटसाठी जर्मनीहून तीन लाखांचं टर्बाइन इंजिन मागवलं, त्याला सहा वर्षं झाली. विमान पडलं तर तीन लाख मातीत, या धास्तीनं त्यांनी ते कधी उडवलंच नाही. दर रविवारी राजेंद्र नगरमधल्या घराच्या अंगणात ते इंजिन पाच मिनिटं सुरू करायचे, नुसतं ऐकायचे आणि पुसून पेटीत ठेवायचे.

"अहो, एकदा तरी सिमरोलच्या मैदानावर उडवा ना," अरुंधती आता सवयीनंच म्हणायची.

"आज हवा ठीक नाहीये. पुढच्या संडेला पक्का."

शेजारचे दुबेजी भिंतीवरून ओरडायचे, "भिया, ये जेट है कि मिक्सर?"

या रविवारी इंजिनाच्या छोट्या स्क्रीनवर सूचना आली: पंचवीस तास पूर्ण, सर्व्हिसिंगसाठी कारखान्यात पाठवा. अरुंधतीनं मनातल्या मनात गुणाकार केला. पाच-पाच मिनिटांचे तीनशे रविवार. उत्तर बरोबर येत होतं. तिला हसूही आलं नाही.

सोमवारी तिनंच खोक्यात थर्माकोल भरला. शरदचंद्र शेजारी उभे राहून सांगत होते, "जरा सांभाळून हं, धक्का लागायला नको."

बुधवारी जेवताना कुरियर कंपनीचा मेसेज आला. पार्सल मुंबईहून विमानानं निघालं होतं.



अरुंधतीनं फोन नवऱ्यापुढे सरकवला. "घ्या, उडालं एकदाचं."