पळण्याआधी

बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि तिचा पुढचा मुद्दा नेमका त्यांच्याच आयुष्यभराच्या कामावर होता.

शाळेच्या सभागृहात खेळाचे शिक्षक जमले होते. मुलांच्या दुखापती कशा टाळाव्यात हे सांगायला फिजिओथेरपिस्ट म्हणून तिला बोलावलं होतं. निम्म्याहून जास्त शिक्षक बाबांच्याच हाताखाली शिकलेले. निवृत्त झालेल्या आपल्या सरांना त्यांनी मुद्दाम बोलावून, हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. लेकीचं भाषण पहिल्यांदाच ऐकायला मिळणार म्हणून सकाळपासून बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. शर्टाला त्यांनी स्वतः दोनदा इस्त्री केली होती.

तिने पाण्याचा घोट घेतला. हा मुद्दा गाळून टाकावा असं कालपासून तिच्या मनात येत होतं. पण समोर बसलेल्यांच्या हाती शेकडो मुलं होती. तिने बाबांकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"पळायला सोडण्याआधी आपण मुलांना जागच्या जागी उभं करून बराच वेळ ताण द्यायला लावतो. त्याने दुखापत टळते, याला भक्कम पुरावा नाही. उलट फार वेळ ताण धरून ठेवला तर स्नायूंची ताकद तेवढ्यापुरती कमीच होते. स्ट्रेचिंग वाईट नाही. अंग मोकळं राहायला ते चांगलंच. पण त्याची जागा ही नाही. आधी मुलांना हळूहळू पळू द्या, अंग गरम होऊ द्या."

सभागृहात चुळबुळ झाली. मग मागून एक टक्कल पडलेला शिक्षक म्हणाला, "म्हणजे सरांनी आमच्याकडून इतकी वर्षं पायाचे अंगठे धरवून घेतले, ते फुकटच म्हणायचे."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. सगळे हसले. बाबाही हसले. पण त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला, आणि भाषण संपेपर्यंत ते तो पुसतच राहिले.

टाळ्या झाल्या. व्यासपीठाच्या पायऱ्या ती कठड्याला धरून उतरली. लहानपणच्या आजारात तिचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता. एका बुटाचा तळ जाड करून घ्यावा लागे. पळणं तिच्या वाट्याला कधी आलंच नाही. पण बाबांच्या शाळेत खेळाच्या तासाला ती सगळ्यांबरोबर रांगेत असायची. पाय पसरून बसायचं आणि गुडघ्याला कपाळ टेकवायचं, हे तिच्याइतकं छान कुणालाच जमत नसे. बाबा बाकीच्यांना थांबवून म्हणायचे, "हिच्याकडे बघा जरा." एरवी जिच्याकडे बघून पोरं कुजबुजायची, तिच्याकडे तेवढा वेळ सगळे शिकण्यासाठी बघायचे. आपलं शरीर कामाचं आहे, हे तिला पहिल्यांदा त्या मैदानात कळलं. पुढे तिने हाच अभ्यास निवडला, तोही त्यामुळेच. आणि आज भरसभेत तिने त्याच माणसाला खोटं पाडलं होतं.

चहाला न थांबता दोघं निघाले. घर जवळच होतं. बाबा नेहमीप्रमाणे तिच्या चालीने चालत होते.

"बाबा, रागावलात?"

"छे. कशाला?"

"सगळ्यांदेखत बोलले मी. आधी घरी सांगायला हवं होतं."

"घरी सांगितलं असतंस तर तुझं मन मोडायला नको म्हणून मी मान डोलावली असती. आणि माझं मन मोडायला नको म्हणून तू तो मुद्दाच गाळला असतास. झालं ते बरं झालं." मग ते म्हणाले, "बरोबरच बोललीस तू. तू शाळेत येण्याआधी मी तरी कुठे हे करून घेत होतो? शिट्टी मारायची, की पोरं सुटली पळत. कुणाचं काही बिघडलं नाही."

ती वाटेतच उभी राहिली. "मी येण्याआधी?"

"तू पाचवीत आलीस. पहिल्याच तासाला सगळी पोरं पळाली आणि तू कट्ट्यावर बसून त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होतीस. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवसापासून आधी व्यायाम लावला. तुला जमेल असाच."

आपण त्या रांगेत कशा आलो, हा प्रश्न तिला आजवर कधी पडलाच नव्हता.

"पण मी शाळा सोडल्यावरही तुम्ही चालूच ठेवलंत की."

"दर वर्षी कट्ट्यावर बसणारं एखादं पोर असायचंच."

"आपली शाळा शर्यतीत कायम मागे पडायची बाबा. हेडमास्तर किती बोलायचे तुम्हाला. पोरांना पळवायच्या आत तास संपतो, नुसते पाय ताणत बसता, म्हणायचे."

"बोलायचे खरे," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं पुन्हा चालू लागले.

"पण पोरांचे पाय कुठे ताणत होतो गं मी? मी घंटा होईपर्यंत तास ताणत होतो."