लाल चांदणीचा रकाना

‘जवळच्या व्यक्तीचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही.’

चौथ्यांदा तेच लाल वाक्य आलं आणि रकानेबुवांनी कपाळाला हात लावला. वाक्य त्यांनीच लिहिलेलं. नियमही त्यांचाच. रुग्णालयाचे सगळे फॉर्म गेली चौदा वर्षं तेच बनवत आले होते, म्हणून तर नर्सांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. उद्या सकाळी त्यांच्या पोटातली गाठ काढायची होती, आणि दाखल होण्याचा फॉर्म त्यांनाच दारात अडवून उभा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

फोन वाजला. वॉर्डाच्या हेडनर्स होत्या.

“बुवा, सगळ्यांचे फॉर्म आले, तुमचाच तेवढा राहिलाय. चारच्या आत आला नाही तर यादीतून नाव गळतं. मग पुढची तारीख दीड महिन्यानं.”

“माहितेय हो. गाळायची सोय मीच केलीय ना!”

“मग भरा की पटकन. एक नावच तर घालायचंय.”

एक नाव. बोलायला काय जातंय! बुवांनी लग्न केलं नव्हतं. आई-वडील गेलेले. शेजाऱ्याला यांचं नाव ठाऊक नव्हतं आणि यांना शेजाऱ्याचं. एक मोठा भाऊ होता, म्हणजे, असावा. नऊ वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या आजारपणात दादानं तिला रुग्णालयातून घरी नेलं, कारण तिनं घरी जायचा हट्ट धरला होता. चौथ्या दिवशी ती गेली. भेटायला आलेले पांगले, घरात दोघंच उरले, तेव्हा बुवा ओरडले होते, “तूच मारलंस तिला!” त्यानंतर त्यांनी घर बदललं, फोनचा नंबरही बदलला. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार तरी कुणाला?

तशी एक पळवाट होती. सर्व्हरवरच्या प्रोग्राममधली एक ओळ खोडली की रकान्यापुढची लाल चांदणी गेली, सक्तीही गेली. बुवांनी ती ओळ उघडलीसुद्धा. पण टेबलावर माणूस बेशुद्ध असताना काही विचारायची वेळ आली तर बाहेर कुणीतरी हवं, असं म्हणून ही सक्ती त्यांनीच वरिष्ठांशी भांडून आणवली होती. आता ती स्वतःपुरती काढायची? त्यांना लाज वाटली. ओळ तशीच ठेवली.

साडेतीन वाजले. मग त्यांना फॉर्म आपोआप भरणारी नवी स्क्रिप्ट आठवली. जुनी स्क्रिप्ट एवढंच करायची: फॉर्म उघडला की आधीच्या नोंदी चाळायच्या आणि नाव, पत्ता, रक्तगट जे सापडेल ते भरून ठेवायचं. पण म्हातारी जोडपी यायची. बायको इमानेइतबारे नवऱ्याचं नाव लिहायची आणि नवरोबा आपला रकाना कोरा सोडून मोकळे! म्हणून याच आठवड्यात बुवांनी भर घातली होती. रकाना कोरा असेल तर उलटं शोधायचं. या माणसाला कुणी आपला जवळचा म्हणून लिहिलंय का? लिहिलं असेल तर त्याचं नाव इथं आणायचं.

ती भर अजून चालवून बघितली नव्हती. बुवांनी ती स्वतःवर चालवली. आपला रकाना कोराच राहणार याची त्यांना खात्री होती, आणि चाचणीला असा एक माणूस लागतोच.

रकाना भरला. दादाचं नाव आलं.

“छे!” बुवा एकट्यानंच मोठ्यांदा म्हणाले. आडनावावरून घोळ झाला असणार. त्यांनी ओळ न् ओळ तपासली. स्क्रिप्ट बरोबर होती. मग त्यांनी मूळ नोंद उघडली.

नोंद दादाची, दोन वर्षांपूर्वीची. हृदयविकार. अकरा दिवस. हेच रुग्णालय, दुसरा मजला. जवळची व्यक्ती म्हणून बुवांचं नाव, नातं धाकटा भाऊ. पुढे बुवांनी कधीच टाकून दिलेला नंबर आणि कुणा नर्सचा शेरा: ‘तीनदा लावला, लागत नाही.’

बुवांना रडू आवरेना. दादा दोन मजले खाली एकटा पडून होता, आणि आपण इथं बसून दुनियेच्या जवळच्या माणसांसाठी रकाने आखत होतो! नोंदीत दादाचा नंबर होता. चाराला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी तो लावला.

“कोण बोलतंय?”

“मी,” बुवा म्हणाले.

मग दादा म्हणाला, “बोल.”

“उद्या माझं ऑपरेशन आहे. फॉर्मवर तुझं नाव आलंय. आपोआप आलं, मी नाही घातलं. काढू का?”

“आलंय तर असू दे. किती वाजता येऊ ते सांग.”

बुवांनी वेळ सांगितली, बटण दाबलं. फॉर्म गेला. तरी फोन ठेववेना.

“दादा, तू इथं होतास. अकरा दिवस. मी वरच होतो रे.”

“ठाऊक होतं की. आमच्या मजल्यावरच्या कॅन्टीनला जेवायला जाताना माझ्याच खोलीवरून जायचास. एक वाजला की मी सिस्टरना दार उघडं ठेवायला सांगायचो.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“तू ओरडशील म्हणून, दुसरं काय!” दादा ओशाळं हसला. “म्हटलं, बरोबर कुणी असेल त्या दिवशी मारू. लोकांसमोर तू आवाज चढवत नाहीस. पण अकरा दिवसांत तुझ्याबरोबर कुणी दिसलंच नाही रे.”