पंखावरची सही

विमान उतरायला लागलं, तशी पंखाची मागची कड सरकून खाली वाकली. वाटेकडच्या सीटवरचा माणूस ओरडला, "अहो, पंख सुटून राह्यला!"

खिडकीशी बसलेल्या, रोहणा गावच्या कांताबाई शांतच होत्या. "सुटत नाई, भाऊ. फ्लॅप हाय तो. हळू उतराचं त पंख मोठा करा लागते." त्यांनी एका हाताने पदर पसरून दाखवला.

चाकं टेकली आणि पंखावरच्या पाट्या खाडकन उभ्या राहिल्या. माणूस पुन्हा दचकला.

"पंखाचं उचलाचं काम संपलं," कांताबाई म्हणाल्या. "आता ह्या पाट्या विमानाले जमिनीवर दाबून धरतेत."

"मावशी, तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"माही पोरगी हेच तपासते, सहा वर्षं झाली. या विमानाचा पंखबी मागच्या हप्त्यात तिनंच तपासला. तपासणीच्या कागदावर सही तिचीच हाय."

"मग ती तर रोजच उडत असेल!"

कांताबाईंनी मधल्या सीटवरच्या मुलीच्या तोंडावरची ओढणी बाजूला केली. तिचे डोळे गच्च मिटलेले होते आणि आईचं मनगट तिने अजून सोडलं नव्हतं.

"आज पयल्यांदाच बसली," कांताबाई म्हणाल्या. मग लेकीकडे वाकून हळूच, "जागृती, डोये उघड आता. तुही सही बराबर होती."