दोन दिवसांचं दुकान

घोडबंदर रोडवरच्या त्या सोसायटीत, क्लबहाऊससमोर, शनिवारी सकाळी सायकलींचं दुकान उभं राहिलं. रविवारी संध्याकाळी ते उठणार होतं.

करिश्मा आल्या आल्या तीन सायकलींवर बसून फोटो काढून मोकळी झाली. नवं काही दिसलं की तिला राहवायचं नाही. तिचा नवरा नयन एका बाजूला उभा राहून मोबाइलवर रिव्ह्यू वाचत होता. घरात मिक्सर घ्यायलाही त्याने चार महिने लावले होते.

नयनची आई सखुबाई खुर्चीवर बसल्या होत्या. दुकानातली कल्पिता त्यांच्याकडे वळली, तसा नयन हसून म्हणाला, "आईला नका दाखवू. ती तीस वर्षं एकाच दुकानातून चपला घेते."

सखुबाई मोठ्यांसाठीच्या एका तीनचाकी सायकलकडे बघत होत्या. मागे जाळीची टोपली होती.

"यवरून मानूस परतो का गं?"

"नाही आजी, पडणार नाही. तीन चाकं आहेत ना."

"मंग मना बसू दे."

"अगं आई, गुडघे..."

सखुबाईंनी लुगडं सावरलं आणि पायडल मारलं. पहिल्याच वळणावर चाक कुंडीला धडकलं. कल्पिता धावली. तोवर सखुबाईंनी स्वतःच सायकल मागे घेतली होती. दुसरी फेरी नीट झाली. तिसऱ्या फेरीत त्या मागच्या बिल्डिंगपर्यंत जाऊन आल्या.

"ही मना पायजे," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"थांब ना जरा. दुसरीकडे चांगली मिळेल, मी बघतो."

"तू बघ. बाजारात जायचा तरी तुझी वाट, बहिनीकडं जायचा तरी तुझी वाट. माझा कार्ड दे."

त्यांचं बँकेचं कार्ड कित्येक वर्षं नयनच्याच पाकिटात होतं. त्याने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. करिश्माने मोबाइल खाली केला आणि हात पुढे केला.

"दे ना रे."

त्याने कार्ड काढलं.

पाव तासाने तीनचाकी गेटपाशी आली. बाजूला माणसांसाठी छोटं दार उघडंच होतं. वॉचमनने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सायकलकडे. मग त्याने बटण दाबलं. गाड्यांसाठीचा लांब दांडा सावकाश वर गेला आणि सखुबाई त्याच्याखालून, मान ताठ ठेवून, रस्त्याला लागल्या.