तिसरी ओळ

"अण्णा, परत एक ओळ मोकळी सोडली तुम्ही."

वाफ्यात उकिडव्या बसलेल्या अण्णारावांचं खुरपं थांबलं. त्यांनी ओळीकडं पाहिलं, मग लेकीकडं, राजकन्येकडं, आणि पुढची ओळ ओढायला घेतली.

भोकरच्या घरामागची, धुण्याच्या दगडापासून कुंपणापर्यंतची ही जागा राजकन्येनं कालच खणून घेतली होती. आई होती तोवर इथं तिचं राज्य होतं. ती गेल्यापासून नुसतं गवत माजलं होतं. नांदेडहून येतानाच राजकन्येनं आराखडा करून आणला होता. बोटभर जागा उघडी ठेवायची नाही. कडेनं गवती चहा. धन्यांच्या ओळींना लागून लसूण. मधेमधे झेंडू, म्हणजे मुळं खाणारी कीड दूर राहते. पुदिना हातपाय पसरतो म्हणून तो फुटक्या माठात. बडीशेप एकटी, पार कोपऱ्यात.

"तिलाच का बाहेर काढलं?" अण्णांनी सकाळी विचारलं होतं.

"शेजारच्या कुणाला नीट वाढू देत नाही ती."

"मग आमची जगदेवीच म्हण की."

स्वतःच्या बहिणीचं नाव घेऊन ते हसले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. राजकन्येला वाटलं, जमतंय.

जमायलाच हवं होतं. हरिओम आज लातूरहून गाडी घेऊन येणार होता, अण्णांना कायमचं न्यायला. तो फोनवर म्हणाला होता, "अण्णा लई विसरायलेत. दूध गॅसवर ठेवून गल्लीत जाऊन बसतात. कसं एकटं ठेवायचं?" त्याचं खोटं नव्हतं. राजकन्येनं थोरल्या भावाकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की, तू ये आणि स्वतः बघ. कामात त्यांचं ध्यान राहत असेल तर ते इथं राहतील. नसेल, तर मी आडवी येणार नाही.

आणि आता ह्या मोकळ्या ओळी. दोन ओळींत धने, तिसरी कोरी. पुन्हा दोन, तिसरी कोरी. ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या, फक्त तिसरीत बी नव्हतं. तिनं आराखडा पुन्हा पुन्हा समजावला होता. दर वेळी अण्णा "हाव" म्हणाले होते.

फोन वाजला. "नांदेड सोडलं मी," हरिओम म्हणाला. "कसं काय चाललंय?"

"चाललंय," ती म्हणाली, आणि फोन ठेवून वाफ्याच्या कडेला बसली.

"अण्णा, खरं सांगा. विसरलात का मुद्दाम सोडलंत? दादा आला की विचारणार."

"इसरतो कशाला?" अण्णा चिडले. "पेरणी काय आज शिकायलोय व्हय मी? ती माझी ओळ न्हाई."

"मग कुणाची?"

त्यांनी खुरप्यानं उगीच एक ढेकूळ फोडलं.

"तुझ्या आईची. तिफण माझ्याकडं, मागं मोघा तिच्याकडं. जलमभर आसंच पेरलं आम्ही."

राजकन्येनं ते लहानपणी पाहिलं होतं. बैलांच्या तिफणीमागं दोरीनं बांधलेली बी सोडायची बांबूची नळी, म्हणजे मोघा, तो एका हातानं धरून चालणारी आई, तिच्या ओटीत वेगळं बी. दोन ओळी अण्णांच्या ज्वारीच्या. तिसरी आईच्या हातची.

"काय टाकायची आई त्यात?"

"तूर टाकायची. अंबाडी टाकायची. कवा तीळ, कवा राळा. तिच्या मनाला यील ते. मला न्हाई इचारलं कधी."

"तुम्ही बघायचा नाहीत?"

"बैलं सोडून मागं बघतो व्हय कुणी? तास वाकडं जातं." त्यांनी खुरप्याची माती झटकली. "उगवून आल्यावर कळायचं, बाईनं औंदा काय केलं ते."

राजकन्येनं हातातल्या कागदाकडं पाहिलं. त्यात प्रत्येक बोटभर जागेला नाव होतं. तिनं कागद बाजूला ठेवला. बियांच्या पुड्यांमधून तिला हव्या त्या निवडल्या, ओढणीची ओटी करून त्यात रिकाम्या केल्या आणि चपला काढून अण्णांच्या मागं येऊन उभी राहिली.

"चला, ओढा."

अण्णा पुढं सरकले. ओळ ओढत, धने सोडत, माती लोटत. त्यांच्यामागं ती वाकून तिसऱ्या ओळीत चिमटीनं बी सोडू लागली. दोघं दुसऱ्या वाफ्याशी आले तेव्हा मागच्या दारात हरिओम उभा होता, गाडीची किल्ली बोटात अडकवून. तो ओळींकडं बघत होता. किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक.

त्याला ऐकू जाईल अशा आवाजात राजकन्या म्हणाली, "अण्णा, ह्या ओळीत मी काय टाकलंय, माहितीये का? मी..."

"सांगू नको," मान न वळवता अण्णा म्हणाले. "उगवल्यावर बघतो मी."